पाचही डिस्कचं नाव ‘न्यू व्हॉल्यूम’: ओळख वाचायची कुठून, लिहायची कुठे

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे इंदूरचेच, व्हिडिओचं काम करतात. लग्नं, मुंजी आणि दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलवाल्यांच्या (कापड गिरण्यांच्या) झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे. त्यांच्याकडे एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, चार टेराबाइटच्या पाच पोर्टेबल डिस्क आहेत आणि पाचांचंही नाव ‘न्यू व्हॉल्यूम’. बॅकअपला उबुंटूचं, म्हणजे लिनक्सचं, एक जुनं मशीन आहे. त्यावरची स्क्रिप्ट ‘/डेव्ह/एसडीसी१’ माउंट करते (वापरासाठी एका फोल्डरशी जोडते) आणि आरसिंक ही नक्कल करणारी कमांड चालवते, तेही डिलीटच्या पर्यायासकट, म्हणजे मूळ जागी नसलेल्या फाइली बॅकअपवरूनही पुसत. एक दिवस दुसरीच डिस्क एसडीसी झाली आणि तिच्यावरचं जुनं चित्रीकरण पुसलं गेलं. भरीस भर म्हणून त्यांनी बॅकअपच्या डिस्कची डीडीने (बाइट-बाइट नक्कल करणाऱ्या कमांडने) हुबेहूब प्रत काढली, आणि तेव्हापासून दोन्ही एकदम लावल्या की एकच धड दिसते. त्यांना हवं आहे ते हे: टर्मिनलवरून डिस्कची ओळख कशी वाचायची, कशी बदलायची, आणि बाजारात कुणी सांगितलं तसा सिरीयल नंबरसुद्धा बदलून मिळतो का.

उत्तर लांब होणार आहे. कमांड मी देवनागरीत लिहितो आहे. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगतो, कारण लहान-मोठ्याच्या फरकाने अर्थ पार बदलतो.

आधी एसडीसीचा हिशेब मिटवू. एसडीए, एसडीबी, एसडीसी ही डिस्कची नावं नव्हेतच. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जी डिस्क ज्या क्रमाने सापडली त्या क्रमाने दिलेली ती अक्षरं आहेत. मशीन चालू होताना डिस्कचा शोध समांतर चालतो, त्यामुळे पोर्ट बदललं नाही तरी क्रम बदलू शकतो. यूएसबी डिस्क काढून परत लावली आणि जुनं अक्षर अजून अडकलेलं असलं तर पुढचं मिळतं. तुमच्या स्क्रिप्टने काही चूक केली नाही; तिला सांगितलं होतं की तिसऱ्या सापडलेल्या डिस्कवर लिही, ती तिथेच लिहीत होती. म्हणून स्क्रिप्टमध्ये किंवा एफएसटॅबमध्ये (मशीन चालू होताना काय माउंट करायचं त्या यादीत) हे अक्षर पुन्हा कधीही नको.

मग काय वापरायचं? इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण एका डिस्कला एकच ओळख असते अशी समजूत असते. प्रत्यक्षात ओळख तीन थरांत लिहिलेली असते, आणि कुठली केव्हा टिकते, केव्हा मरते, हे ती कुठे लिहिली आहे यावरच ठरतं.

सगळ्यात खालचा थर डिस्कच्या स्वतःच्या फर्मवेअरचा: मॉडेल, सिरीयल नंबर आणि वर्ल्ड वाइड नेम, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएन. फॉरमॅट करा, पार्टिशन उडवा, शून्यांनी भरा, याला धक्का लागत नाही. त्याच्या वरचा थर पार्टिशन टेबलचा, म्हणजे डिस्कच्या भागांच्या यादीचा. तुमच्या डिस्क चार टेराबाइटच्या आहेत, तेव्हा त्यांच्यावर बहुधा जीपीटी ही नवी टेबल-पद्धतच असणार, कारण ५१२ बाइटच्या सेक्टरवर जुनी एमबीआर पद्धत दोन टेबीबाइटच्या पुढे जात नाही. जीपीटीत अख्ख्या डिस्कला एक जीयूआयडी (एकमेव असावा असा लांब ओळखक्रमांक) असतो, शिवाय प्रत्येक पार्टिशनला आपला वेगळा जीयूआयडी आणि ३६ अक्षरांपर्यंतचं नाव. तिसरा थर फाइल सिस्टिमचा, म्हणजे पार्टिशनमध्ये फाइली मांडायच्या पद्धतीचा. आपण नेहमी बघतो ते लेबल (नाव) आणि यूयूआयडी (तसाच लांब ओळखक्रमांक) इथे राहतात, आणि फॉरमॅट केलं की दोन्ही जातात.

तुमचं ‘न्यू व्हॉल्यूम’ तिसऱ्या थरातलं आहे. डीडीने दुसरा आणि तिसरा थर अक्षरशः बाइट-बाइट उचलून नव्या डिस्कवर ठेवला. पहिला थर तेवढा वेगळा राहिला. प्रतीची भानगड एवढीच आहे. खाली तिच्याकडे परत येतो.

वाचण्यासाठी सुरुवात या एका ओळीपासून करा:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,ट्रान,मॉडेल,सिरीयल,डब्ल्यूडब्ल्यूएन,एफएसटाइप,लेबल,यूयूआयडी,पार्टयूयूआयडी

मला रोजच्या कामात दहातल्या नऊ वेळा एवढंच लागतं. सुडो (प्रशासकाचा अधिकार) लागत नाही, आणि ही कमांड काही लिहीत नाही, त्यामुळे कितीही वेळा चालवा. ‘ट्रान’च्या रकान्यात डिस्क साटावर (मशीनच्या आतली नेहमीची जोडणी) आहे, यूएसबीवर आहे की एनव्हीएमई (आतली वेगवान एसएसडी) आहे ते कळतं. सगळे रकाने एका ओळीत मावले नाहीत तर टर्मिनलची खिडकी रुंद करा, नाहीतर आकडे खालच्या ओळीवर घसरून भलत्याच डिस्कसमोर वाचले जातात.

दुसरी कमांड बीएलकेआयडी. ही सुडोशिवाय चालवली तर जुना साठवलेला निकाल दाखवू शकते, आणि काढून टाकलेली डिस्क अजून लागलेलीच आहे असा भास होतो. शंका आली तर ‘सुडो बीएलकेआयडी -पी’ आणि पुढे पार्टिशनचा पत्ता द्या. ही थेट डिस्कवरून वाचते, साठवणीला विचारत नाही. एलएसबीएलके आणि बीएलकेआयडी यांचं एकमेकांशी जुळत नसेल तर मी या -पीवर विश्वास ठेवतो.

तिसरी जागा कमांड नाही, फोल्डर आहे: ‘/डेव्ह/डिस्क’. त्यात बाय-आयडी, बाय-लेबल, बाय-यूयूआयडी, बाय-पार्टयूयूआयडी असे उपफोल्डर असतात आणि प्रत्येकात त्या क्षणीच्या एसडीबी-एसडीसीकडे बोट दाखवणारे दुवे. ‘एलएस -एल /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’ करून बघा. साटाच्या डिस्कला ‘एटीए’ने सुरू होणारं नाव दिसेल, यूएसबीच्या डिस्कला ‘यूएसबी’ने सुरू होणारं, आणि पुढे मॉडेल व सिरीयल. स्क्रिप्टमध्ये सरळ हाच पत्ता देता येतो.

आता सिरीयल नंबर. यूएसबीच्या डबीत बसलेल्या डिस्कबाबत इथे मोठा घोटाळा होतो. डिस्क आणि यूएसबी यांच्यामध्ये एक ब्रिज चिप असते. एलएसबीएलके जो सिरीयल दाखवतं तो कधी आतल्या डिस्कचा असतो, कधी डबीचा, आणि स्वस्तातल्या डब्यांत तर नुसता शून्य-एक-दोन-तीन असा चढत जाणारा दिखाऊ आकडा असतो, दहा डब्यांना तोच. आतल्या डिस्कचा खरा नंबर हवा असेल तर:

सुडो स्मार्टसीटीएल -आय -डी एसएटी /डेव्ह/एसडीसी

इथे दोन्ही अक्षरं लहान. ‘-डी एसएटी’मुळे ब्रिजला सांगितलं जातं की प्रश्न आतल्या डिस्कला पोचव. बहुतेक ब्रिज ऐकतात, काही नाही. साटा पोर्टला थेट लावलेल्या डिस्कला या पर्यायाची गरज नाही, आणि तिथे ‘सुडो एचडीपार्म -आय’, आय मोठा, हीसुद्धा चालते. एनव्हीएमईसाठी ‘सुडो एनव्हीएमई लिस्ट’. एटीए (साटा डिस्कचं मानक) आणि एनव्हीएमई दोन्हींत सिरीयलला २० आणि मॉडेलला ४० अक्षरांची जागा ठेवलेली आहे. म्हणून काही नंबरांच्या आधी रिकाम्या जागा दिसतात. त्या नंबरचा भाग नाहीत. स्क्रिप्टमध्ये तुलना करताना त्या काढून टाका.

डब्ल्यूडब्ल्यूएनबद्दल एक उपयोगाची गोष्ट. हा ६४ बिटांचा आकडा असतो. डिस्कच्या बाबतीत तो साधारणपणे ५ ने सुरू होतो, आणि त्यानंतरचे सहा हेक्स अंक हा बनवणाऱ्या कंपनीला मिळालेला कोड असतो. डबीवर नाव एकाचं आणि आत डिस्क दुसऱ्याची हा प्रकार सर्रास आहे, आणि तो इथे उघडा पडतो.

डबी मेली म्हणून आतली डिस्क काढून दुसऱ्या डबीत घातली तर काय होतं, हेही सांगून ठेवतो, कारण चार टेराबाइटला हे हमखास विचारलं जातं. बाय-आयडीमधलं यूएसबीचं नाव बदलू शकतं, कारण ब्रिज बदलला. लेबल आणि यूयूआयडी बदलत नाहीत. पण काही ब्रिज दोन टेराबाइटपेक्षा मोठ्या डिस्कचे ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ चे करून दाखवतात. अशा डबीत पार्टिशन केलेली डिस्क साध्या डबीत घातली की पार्टिशन टेबल सापडतच नाही, डिस्क कोरी दिसते. विंडोज लगेच विचारतं, इनिशियलाइझ करू का? नाही म्हणा. माल जागेवर आहे, फक्त मोजपट्टी बदलली आहे. शक्य असेल तर त्याच जातीची डबी शोधा.

मेमरी कार्डांसाठी एक छोटी सोय आहे जी कॅमेरेवाल्यांना सहसा माहीत नसते. एसडी कार्डात सीआयडी नावाचं १२८ बिटांचं रजिस्टर असतं. त्यात कंपनीचा कोड, कार्डाचा सिरीयल, उत्पादनाचा महिना आणि साल असतं. कार्ड लॅपटॉपच्या अंगच्या खाचेत घातलं आणि ते ‘एमएमसीबीएलके०’ असं दिसलं, तर ‘/सिस/ब्लॉक/एमएमसीबीएलके०/डिव्हाइस’ या फोल्डरातल्या सीआयडी, सिरीयल, डेट या फाइली कॅटने वाचा. यूएसबी कार्ड रीडरमधून मात्र हे दिसत नाही, तिथे फक्त रीडरची ओळख कळते. दुकानातून कोरं म्हणून घेतलेल्या कार्डावर चार वर्षांपूर्वीची तारीख निघाली की विचारायला मुद्दा मिळतो.

सिरीयल बदलून मिळतो का, या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे: तुम्हाला त्याची गरज नाही, आणि जो देतो म्हणतो त्याच्याकडून डिस्क घेऊ नका. साध्या कमांडने तो बदलता येत नाही. फर्मवेअरमध्ये हात घालावा लागतो. ज्याला वापरलेली डिस्क नवी म्हणून विकायची आहे त्यालाच या उद्योगात रस असतो. जुनी डिस्क घेताना स्टिकरवरचा नंबर आणि स्मार्टसीटीएलने दाखवलेला नंबर जुळतो का ते बघा, मग कंपनीच्या साइटवर तोच नंबर टाकून वॉरंटी बघा. ‘स्मार्टसीटीएल -ए’ने, ए मोठा, किती तास चालली तेही दिसतं, पण तो आकडा शून्यावर आणणारे महाभाग आहेत. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, आणि स्मार्टमनटूल्सच्या (ज्यातून स्मार्टसीटीएल येते त्या संचाच्या) ७.४ आवृत्तीपासून ‘-एल फार्म’ने, एल लहान, तो वाचता येतो. दोन्हीकडचे तास जुळले नाहीत तर डिस्क परत करा.

आता लिहिण्याकडे. लेबल बदलण्याआधी तीन पथ्यं. पार्टिशन अनमाउंट करा. काही फाइल सिस्टिम चालू असताना बदलू देतात, पण सवय अनमाउंटचीच ठेवा. कमांड देताना डिस्क नव्हे, पार्टिशन द्या: एसडीसी नाही, एसडीसी१. आणि एमकेएफएसने सुरू होणारी कुठलीही कमांड लेबल लावण्यासाठी वापरू नका. इंटरनेटवर ‘लेबल कसं द्यायचं’ शोधलं की ‘एमकेएफएस.ईएक्सटी४ -एल’ वर येतं. तिने लेबल लागतं हे खरं, पण त्याआधी ती फॉरमॅट करते. स्वॅपबाबत (मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेबाबत) हेच रूप जरा सौम्य आहे: ‘एमकेस्वॅप -एल’ने लेबलबरोबर यूयूआयडीही नवा होतो, मग एफएसटॅबमधला जुना यूयूआयडी शोधत मशीन चालू होताना दीड मिनिट अडकून बसतं. स्वॅपला ‘स्वॅपलेबल’ ही वेगळी कमांड आहे.

बॅकअपची डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) असेल तर:

सुडो ई२लेबल /डेव्ह/एसडीसी१ बॅकअप-अ

नाव न देता नुसता पत्ता दिला तर आत्ताचं लेबल वाचून दाखवते. चित्रीकरणाच्या डिस्क विंडोजवरही लागतात, म्हणजे त्या बहुधा एक्सफॅट असतील. त्यांना ‘एक्सफॅटलेबल’, एनटीएफएस असेल तर ‘एनटीएफएसलेबल’, लहान पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ‘फॅटलेबल’. तिन्हींची ठेवण तीच: आधी पार्टिशन, मग नाव. एनटीएफएसवर कमांडने नकार दिला तर बहुतेक वेळा विंडोज पूर्ण बंद न होता फास्ट स्टार्टअपने झोपलेलं असतं. विंडोज नीट बंद करून पुन्हा प्रयत्न करा, जबरदस्तीचा पर्याय वापरू नका. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या लिनक्सच्याच आणखी दोन फाइल सिस्टिम. एक्सएफएसला ‘एक्सएफएस_ॲडमिन -एल’, एल मोठा. बीटीआरएफएसला ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम लेबल’, आणि ती माउंट असेल तर पार्टिशनऐवजी माउंटचा फोल्डर द्यायचा.

नाव किती लांब? फॅट आणि एक्सफॅटला ११ अक्षरं, एनटीएफएसला ३२, ईएक्सटी४ ला १६ बाइट, एक्सएफएसला १२. अक्षर आणि बाइट हा फरक मुद्दाम ठेवला आहे. ईएक्सटी४ वर देवनागरी लेबल चालतं, पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार हे वेगळे मोजले जातात. ‘झांकी’ची पाच चिन्हं होतात, झ, काना, अनुस्वार, क, वेलांटी, म्हणजे १५ बाइट. बसलं. त्यापुढे इंग्रजी आकडा एक मावेल, देवनागरी आकडा मावणार नाही. जास्त झालं की शेपूट कापलं जातं, आणि कापणी एखाद्या चिन्हाच्या मधोमध झाली तर शेवटी कचरा दिसतो. एक्सफॅटवर मोजणी वेगळी आहे: तिथे चिन्हं मोजतात, बाइट नाही. त्यामुळे ‘गणेशोत्सव’ नऊ चिन्हांत बसतो आणि ‘अनंतचतुर्दशी’ एका चिन्हाने हुकते.

माझा सल्ला मात्र रोमन अक्षरांचाच. देवनागरी लेबल वाईट म्हणून नव्हे. मशीन बिघडल्यावर जो काळा रेस्क्यू पडदा येतो त्यावर देवनागरी दिसत नाही, आणि नेमकी तेव्हाच नाव वाचायची घाई असते. मोठी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच वापरा, रिकामी जागा नको. लेबलमधली रिकामी जागा बाय-लेबलमध्ये एका सांकेतिक रूपात येते, एफएसटॅबमध्ये दुसऱ्याच, आणि शेलमध्ये अवतरणचिन्हं मागते. तीन ठिकाणी तीन नियम. कामाचं नाव, साल आणि क्रम, जसं की ‘जेएच-२५-अ’, ‘शादी-२५-ब’. पाच डिस्कांना पुरेसं आहे आणि ११ अक्षरांत सहज बसतं. रंगपंचमीच्या गेरचं (रंगांच्या मिरवणुकीचं) काम घेत असाल तर त्याची वेगळी डिस्क करा. त्या दिवशीचं फुटेज इतकं येतं की दुसऱ्या कामाला जागा उरत नाही.

फॅटबद्दल एक जुनी खोड माहीत असू द्या: त्यात लेबल दोन जागी असतं, बूट सेक्टरमध्ये आणि मूळ फोल्डरमध्ये. विंडोज मूळ फोल्डरातलं बघतं. जुन्या साधनांनी एकच जागा बदलली तर दोन मशीनवर दोन नावं दिसतात. डॉसएफएसटूल्सची (ज्यातून फॅटलेबल येते त्या संचाची) ताजी आवृत्ती वापरली की हा त्रास होत नाही.

जीपीटीतलं पार्टिशनचं नाव बदलायचं तर ‘सुडो एसजीडिस्क -सी १:नाव /डेव्ह/एसडीसी’, सी लहान. इथे अख्ख्या डिस्कचा पत्ता जातो, पार्टिशनचा नाही; वरच्या पथ्याला हा अपवाद. याचा फायदा असा की पार्टिशन पुन्हा फॉरमॅट झालं तरी हे नाव राहतं. साध्या कामात मी याच्या वाटेला जात नाही. लेबलला एक नाव आणि पार्टिशनला दुसरं असं झालं की सहा महिन्यांनी आपणच बुचकळ्यात पडतो.

बदल केल्यावर एलएसबीएलके जुनंच नाव दाखवत असेल तर डिस्क काढून लावा, किंवा ‘सुडो यूडेव्हएडीएम ट्रिगर’ द्या.

यूयूआयडी हा १२८ बिटांचा आकडा, ३२ हेक्स अंक आणि मध्ये चार रेघा. फॅट आणि एक्सफॅटला एवढा मोठा आकडा नसतो. तिथे ३२ बिटांचा व्हॉल्यूम सिरीयल असतो, चार-चार अंकांच्या दोन जोड्या, आणि लिनक्स त्यालाच यूयूआयडीच्या रकान्यात दाखवतं. एनटीएफएसचा ६४ बिटांचा असतो, पण विंडोजची ‘व्हॉल’ कमांड त्याचा अर्धाच दाखवते. म्हणून दोन्हीकडचे आकडे न जुळल्याचं घाबरून कळवणारे लोक भेटतात. लिनक्सवरच्या सोळा अंकांतले शेवटचे आठ बघा, जुळतात.

यूयूआयडी बदलायची वेळ सहसा एकाच प्रसंगी येते, आणि तुम्ही त्याच प्रसंगात आहात. प्रत आणि मूळ दोघांचा यूयूआयडी एकच. बाय-यूयूआयडीत एका नावाला एकच दुवा असू शकतो, त्यामुळे तो दोघांपैकी कुणा एकाकडे बोट दाखवतो, आणि कुणाकडे याची हमी नाही. एक्सएफएस अशा वेळी दुसरी डिस्क माउंट करायलाच नकार देतं, आणि ते बरंच आहे. बीटीआरएफएस सगळ्यात धोक्याचं: ते दोन्ही तुकडे एकाच फाइल सिस्टिमचे समजू शकतं. त्याची हुबेहूब प्रत मुळाबरोबर लावून माउंट करूच नका.

करायचं असं. मूळ डिस्क काढून कपाटात ठेवा. फक्त प्रत लावा. स्मार्टसीटीएलने सिरीयल वाचून, डबीवरच्या किंवा तुमच्या वहीतल्या नंबराशी ताडून खात्री करा की ही प्रतच आहे. या घटकेला दोघींमध्ये तेवढाच फरक आहे. अनमाउंट करा. मग या क्रमाने:

सुडो एसजीडिस्क -जी /डेव्ह/एसडीसी
सुडो ई२एफएससीके -एफ /डेव्ह/एसडीसी१
सुडो ट्यून२एफएस -यू रँडम /डेव्ह/एसडीसी१
सुडो ई२लेबल /डेव्ह/एसडीसी१ बॅकअप-ब

पहिल्या ओळीत जी मोठा, तिसऱ्यात यू मोठा, दुसऱ्यातला एफ लहान. पहिली ओळ डिस्कचा आणि सगळ्या पार्टिशनचे जीयूआयडी नवे करते. प्रत मोठ्या डिस्कवर काढली असेल तर तिच्या आधी ‘एसजीडिस्क -ई’ चालवा, ई लहान, कारण जीपीटीची राखीव नक्कल डिस्कच्या अगदी शेवटी असावी लागते आणि डीडीने ती मध्येच कुठेतरी टाकलेली असते. दुसरी ओळ गाळू नका. नव्या ईएक्सटी४ मध्ये मेटाडेटाच्या (फाइलींबद्दलच्या नोंदींच्या) चेकसमचं, म्हणजे चूक पकडणाऱ्या पडताळणी-आकड्याचं, बीज यूयूआयडीवरून घेतलेलं असतं, त्यामुळे यूयूआयडी बदलला की सगळे चेकसम नव्याने लिहावे लागतात, आणि ट्यून२एफएस आधी फाइल सिस्टिम निरोगी असल्याचा दाखला मागतं. चार टेराबाइटला वेळ लागेल. मध्ये केबल हलवू नका, आणि हे काम इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर करा.

एक्सएफएस असतं तर ‘एक्सएफएस_ॲडमिन -यू जनरेट’, यू मोठा. एनटीएफएसला ‘एनटीएफएसलेबल’चा न्यू-सिरीयल हा पर्याय आहे. फॅटलेबल आणि एक्सफॅटलेबल दोन्हींत ‘-आय’ने, आय लहान, सिरीयल वाचता आणि बदलता येतो; फॅटलेबलमध्ये ही सोय ४.२ आवृत्तीपासून. मशीन ज्या डिस्कवरून चालू होतं तिचा यूयूआयडी हौसेने बदलू नका. एफएसटॅब, ग्रब आणि इनिटरॅमएफएस (शेवटचे दोन मशीन चालू होतानाच्या पहिल्या टप्प्यातले) तिन्ही ठिकाणी तो लिहिलेला असू शकतो.

आता स्क्रिप्ट. एफएसटॅबमध्ये एसडीसी१ च्या जागी ‘यूयूआयडी=’ आणि पुढे तो आकडा लिहा, आणि पर्यायांत ‘नोफेल’ घाला म्हणजे डिस्क नसताना मशीन चालू व्हायला अडणार नाही. बदल केल्यावर ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवून बघा, टंकलेखनाची चूक तिथेच कळते.

पण एवढ्याने आरसिंकचा धोका संपत नाही. डिस्क लागलेलीच नसेल तर माउंटचा फोल्डर रिकामा पण अस्तित्वात असतो, आणि आरसिंक इमानदारीने सगळा माल त्या फोल्डरात, म्हणजे मशीनच्या आतल्या डिस्कवर भरतं. ती भरून गेली की मशीन लंगडं. म्हणून आरसिंकच्या आधी तपासणी हवी. ‘फाइंडएमएनटी -एन -ओ यूयूआयडी’ आणि पुढे माउंटचा फोल्डर दिला की तिथे आत्ता लागलेल्या फाइल सिस्टिमचा यूयूआयडी मिळतो; काहीच लागलेलं नसेल तर उत्तर रिकामं येतं. तो अपेक्षित आकड्याशी जुळला तरच पुढे जा, नाहीतर स्क्रिप्ट तिथेच थांबवा. लेबलवर ही तपासणी करू नका. लेबल माणसासाठी आहे, उद्या नवा पोरगा दुसऱ्या डिस्कलाही तेच देईल. आणि डिलीटचा पर्याय ठेवायचाच असेल तर त्याच्या जोडीला ‘--मॅक्स-डिलीट’ने एक मर्यादा घाला, पाचशे फाइली उडवायची पाळी आली तर आरसिंकने मर्यादेपाशी पुसणं थांबवलेलं बरं.

विंडोजवर काम थोडक्यात होतं. ‘व्हॉल ई:’ने लेबल आणि सिरीयल दिसतो, ‘लेबल ई: नाव’ने लेबल बदलतं. डिस्कचा सिरीयल पॉवरशेलमध्ये ‘गेट-फिजिकलडिस्क’कडून घ्या. जुन्या लेखांत सांगितलेली डब्ल्यूएमआयसी आता विंडोजमधून काढली जाते आहे, तिच्यावर नवी स्क्रिप्ट बांधू नका. प्रत आणि मूळ विंडोजला एकदम लावल्या तर ते ओळख सारखी म्हणून एक ऑफलाइन ठेवतं. डिस्कपार्टमध्ये डिस्क निवडून ‘युनिकआयडी डिस्क’ लिहिलं की ओळख दिसते, पुढे ‘आयडी=’ देऊन बदलता येते. मॅकवर ‘डिस्कयुटिल इन्फो’ वाचायला आणि ‘डिस्कयुटिल रिनेम’ बदलायला.

शेवटी कागदाचं काम, आणि ते टाळू नका. प्रत्येक डबीवर लेबल आणि खऱ्या सिरीयलचे शेवटचे चार अंक लिहिलेला स्टिकर लावा, झाकणावर नाही, अंगावर. वहीत किंवा शीटमध्ये पाच ओळी: सिरीयल, लेबल, यूयूआयडी, खरेदीची तारीख, आत काय आहे. डिस्क अचानक दिसेनाशी झाली की रिकव्हरीवाला पहिल्यांदा सिरीयल विचारतो, वॉरंटीवालाही, आणि तेव्हा तो मशीनकडून मिळण्याची शक्यता नसते.

तुमच्या दोन जुळ्या डिस्कांपैकी मूळ कुठली हे आत्ता सांगता येत नसेल, तर वरच्या चार ओळींपैकी एकही चालवू नका. आळीपाळीने एकेक लावून पहिल्या एलएसबीएलकेचा आणि स्मार्टसीटीएलचा निकाल दोन वेगळ्या फाइलींत साठवा आणि इथे टाका. डिस्क माउंट करायच्याच झाल्या तर ‘-ओ आरओ,नोलोड’ने, म्हणजे वाचण्यापुरत्याच, नाहीतर जर्नल (फाइल सिस्टिमची बदलांची नोंदवही) उघडून त्यांच्यात नवा फरक पडेल. ज्या दिवशी पुसापुशी झाली त्या दिवसानंतर त्या तिसऱ्या डिस्कवर काही लिहिलं नसेल तर तीही तशीच बाजूला ठेवा. तिच्यावरचं परत मिळवायचं काम वेगळं आहे; त्यासाठी तिची फाइल सिस्टिम कुठली होती ते कळवा.